मडकं कोणी धरायचं

औंढे, भाऊबीज, सन १९१९

चिरंजीव सोपान यास आक्काचा आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, कोणाकडून लिहून घेतलेलं नाही. अक्षराला हसू नकोस. गुरं राखताना ओढ्याच्या वाळूत बोट धरून ही अक्षरं तूच मला गिरवायला लावलीस, तेव्हा वाकडी दिसली तर दोष गुरुजींचा. मामाच्या मुंबईच्या खोलीचा पत्ता हौशीरामकडून घेतला. देताना तो हसला. आपला हा चुलतभाऊ कुणाच्या दुःखात हसायची संधी सोडत नाही, तुला माहीतच आहे.

तू धाडलेला खण पोचला. सोबत चिठ्ठी असेल म्हणून घडी मोडून पाहिली, झटकून पाहिली. नव्हती. खण चांगला आहे, पण मी शिवणार नाही. ट्रंकेत ठेवलाय.

आबांना जाऊन वर्ष झालं. गावातल्या लोकांनी मुंबईला येऊन तुला काय काय सांगितलं असेल देव जाणे, म्हणून जे झालं ते मीच सांगते. तू कामशेतला माझ्या दारात आलास तेव्हा मी ठकूला न्हाऊ घालत होते. "आक्का, आबांना मानमोडीचा ताप आलाय, आईनं तुला बोलावलंय," एवढं बोललास. मी म्हटलं, थांब, दोघं मिळून जाऊ. तर म्हणालास, "तू हो पुढं, मी लोणावळ्याहून औषध घेऊन येतो." मी लेकराला पाठीशी बांधलं आणि निघाले. तू मुंबईच्या गाडीत बसलास. ती गाडी लोणावळ्याला थांबते, सोपान. तू उतरला नाहीस.

आबा चार दिवसांत गेले. घरोघर माणसं अंथरुणाला खिळलेली. उचलायला कोणी येईना. ठाकरवाडीवरून नवशा आणि त्याचा भाऊ शिदू आले, त्यांनी तिरडी बांधली, त्यांनीच खांदा दिला. कुंभारही आजारी, म्हणून नवं मडकं मिळेना. तेव्हा आईनं दुधाचं गाडगं घेतलं, चुलीतला विस्तव त्यात घातला आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, "सोपान न्हाई. तूच धर."

मी धरलं. आबांच्या पुढे चालले, घरातलंच पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फेरे घातले, अग्नी दिला. बाईमाणसानं मसणात पाऊल टाकू नये म्हणतात. मग आबांना तसंच ठेवायचं होतं का, हे मात्र कोणी सांगत नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच तापानं ठकू गेली. नवशाच्या बायकोनं, हिरीनं करवंदीच्या जाळीजवळ तिच्यासाठी जागा केली. ठकूचे बाप, म्हणजे गेणू, कामशेतहून आले, माझी रिकामी पाठ पाहिली आणि तसेच परत गेले. मार्गशीर्षात त्यांनी दुसरी केली. तेव्हापासून मी इथेच आहे. माझ्या, म्हणजे शालूच्या, डोळ्यांतून पाणी आलं नाही असं गाव सांगतं. साफ खोटं. ओढ्यावर धुणं आपटताना मी इतकी रडले की कपड्याला वेगळं पाणी लागलं नसेल.

आज पाट मांडला होता. पाटावर मांजर येऊन बसलं. शेवटी त्यालाच ओवाळलं.

तुझी आक्का

औंढे, आषाढ, सन १९२२

चिरंजीव सोपान यास,

तीन पत्रं गेली, उत्तर नाही. दर दिवाळीला खण मात्र येतो. मामा कळवतात की पोरगा कारखान्यात जातो, खाली मान घालून येतो, जेवतो, निजतो. जिवंत आहेस म्हणजे झालं.

आमची आवणी, म्हणजे भाताची लावणी, संपून पंधरवडा झाला. गावात रीत अशी, की आज माझ्या खाचरात सगळ्यांनी यायचं, उद्या मी सगळ्यांच्या खाचरात जायचं. मी सगळ्यांच्यात गेले. गुडघाभर चिखलात उभी राहिले. माझ्या खाचरात गावातलं कोणी आलं नाही. का, तर मसणात जाऊन आलेल्या बाईच्या हातचं रोप धरत नाही म्हणे. त्यांच्या खाचरात माझ्याच हातचं रोप कसं धरलं, ते विचारायला गेले तर आईनं पदर ओढून मागे घेतलं. शेवटी हिरी आणि तिच्या वाडीच्या बाया पावसासाठी डोक्यावर इरली घेऊन उतरल्या. वाफ्यातली रोपं पिवळी पडायच्या आत लावून झाली. आता कुणाच्याही भातापेक्षा आपलं भात उंच आहे. मी मुद्दाम बांधावर उभी राहून सगळ्यांना दाखवते.

हळदीला मला बोलवत नाहीत. ओटी भरायला बोलवत नाहीत. जाऊ दे. पण दुसरी एक गोष्ट सांगते, ती मात्र मला खुपते. खेळात डाव टाकून पळालेल्या पोराला आपल्या गावची पोरं हल्ली म्हणतात, "सोपान झाला रे, सोपान झाला!" परवा आपल्याच दारासमोर ओरडत होती. मी लाकूड घेऊन धावले. आई उठली आणि गोठ्यात जाऊन बसली. तुझं नाव कोणी काढलं की ती नेहमी गोठ्यात जाते. एरवी जिभेला हाड नसलेली बाई, तिथे मात्र मुकी होते.

आणखी एक. ती माझ्या ताटात सारखं जास्त वाढते. साय मला, खरवस मला. मी म्हटलं, अगं मी काय पाहुणी आहे? तर तोंड फिरवलं. म्हातारपण, दुसरं काय.

मला तुझा राग येतो, सोपान, आणि तुझी आठवणही येते. दोन्ही एकदम येतात, मग भाकर करपते.

आक्का

औंढे, चैत्र, सन १९२७

सोपान,

जत्रेला मुंबईची मंडळी आली होती, तेव्हा कळलं. मामाची खोली तू सोडलीस. खोलीतले मावळचे गडी रोज जेवताना विचारायचे म्हणे, "काय सोपानराव, तुमच्यात मडकं बायकाच धरत्यात का?" पहिल्यांदा हसलास, मग ताट घेऊन जिन्यात बसायला लागलास, मग एक दिवस वळकटी उचललीस. नवा पत्ता मी त्याच मंडळींकडून घेतला. लग्नाचं दोनदा जमत आलं आणि दोन्ही वेळा तूच मोडलंस. मामांना म्हणालास, "बायकू गावाला न्या म्हनंल. मग काय सांगू?"

अरे वेड्या, त्यांना एवढंच सांगायचं होतंस की हो, आमच्यात बायका धरतात, आणि तुमच्या बायकांच्यात तेवढा दम नाही. माझ्याकडे ये, मी शिकवते तुला उत्तर द्यायला. मला रोज सराव आहे.

आधी लाज वाटली म्हणून तू आला नाहीस. आता इतकी वर्षं आला नाहीस याची लाज वाटते. अशानं तू कधीच येणार नाहीस. आई थकली आहे. एका डोळ्यानं दिसत नाही. संध्याकाळी उंबऱ्यात बसते आणि लोणावळ्याच्या वाटेकडे तोंड करते. कोणी विचारलं तर म्हणते, वारा खाते. त्या बाजूनं वारा येतच नाही.

ती आहे तोवर ये. माझं एवढंच मागणं आहे, दुसरं काही नाही. शिव्या मी नंतर देईन.

आक्का

औंढे, माघ, सन १९३०

सोपान,

आशीर्वाद वगैरे आज लिहीत नाही.

काल हौशीराम गावातली चार म्हातारी माणसं घेऊन आला. ओट्यावर बसला. मी आत तांदूळ पाखडत होते. तो आईला म्हणाला, "चुलते, आता तुझं काय खरं न्हाई. तुझं मडकं म्याच धरनार. मग खाचर माझ्याकडं येऊ दे, समद्यांच्या देखत बोल. तुझा लेक काय यायचा न्हाई. बाप मरताना पळालेला गडी त्यो."

आई भिंतीला धरून उठली. मला वाटलं, चालली गोठ्यात. ती गोठ्यात गेली नाही. म्हणाली,

"पळालं न्हाई माझं पोर. म्या हाकललं."

हौशीराम म्हणाला, "म्हातारी भरमली."

"भरमले न्हाई. म्या त्याच्या पायावर डोकं ठिवलं. म्हनलं, तुजा बा काय ऱ्हात न्हाई. तू जा, एक दिवा तरी ऱ्हाऊ दे घरात. त्यो जाईना. म्या गळ्याची आण घातली. म्हनलं, जाताना शालीला धाड, मला एकटीला आवरायचं न्हाई. त्यो म्हनला, आई, आक्काजवळ तानं लेकरू हाय. तर म्या म्हनलं..."

तिथे ती थांबली. सूप माझ्या हातात तसंच राहिलं. मग ती म्हणाली,

"म्या म्हनलं, लेकीचं लेकरू, ते लोकाच्या घरचं."

सोपान, हे तिनं सगळ्यांच्या देखत सांगितलं. माझ्याकडे पाठ करून सांगितलं. माणसं एकेक करून उठून गेली. मी तांदूळ पाखडून पुरे केले. खडे वेचले. मग विळा घेऊन बांधावर गेले आणि कापायला काही नव्हतं तरी वाळलेलं गवत कापत बसले.

आता मला साय कळली. खरवस कळला. आबांचं मडकं तिनं माझ्या हातात दिलं, तेव्हा मला वाटलं होतं, आईनं मला लेकासारखं मानलं. इतकी वर्षं गावाच्या शिव्या मी त्या एका गोष्टीवर पचवल्या. आणि ती तर दोन पोरांतलं कोणतं गेलं तर चालेल, ते आधीच ठरवून बसली होती. बरं, तुला धाडलं कुठे, तर मुंबईला! साथ तिकडूनच, गाडीत बसून आली होती. बिचारीला तेवढंही ठाऊक नव्हतं.

तू हे पोटात ठेवलंस. पळपुटा म्हणवून घेतलंस, जिन्यात बसून जेवलास, पण आईचं नाव घेतलं नाहीस. ते आईसाठी होतं की मला कळू नये म्हणून, मला माहीत नाही. दोन्ही असेल. त्याबद्दल मी तुझ्या पाया पडायला हवं, मी थोरली असले तरी.

पण एक विचारते. तू माझ्या दारात उभा होतास. ठकू परातीत बसून पाणी उडवत होती, तुझ्या धोतरावर उडालं होतं. "आक्का, तू जा, पण लेकराला इथंच ठेव," एवढं का रे बोलला नाहीस? आईनं त्याची आण तर घातली नव्हती?

याचं उत्तर पत्रानं नको. इथे येऊन दे.

शालू

औंढे, श्रावण, सन १९३०

चिरंजीव सोपान यास आक्काचा आशीर्वाद.

मागचं पत्र रागात लिहिलं. खोडत नाही, कारण त्यातलं काही खोटं नव्हतं.

आईशी मी आवणी होईपर्यंत बोलले नाही. भाकर वेळेवर दिली, पाणी तापवून दिलं, केस विंचरले, पण तोंड उघडलं नाही. ती रोज संध्याकाळी म्हणायची, "शाले, बोल की." आवणी संपली त्या दिवशी मी चिखलाचे पाय धूत होते, तेव्हा ती म्हणाली, "बोलू नगं. शिव्या तरी दे."

मग दिल्या. इतक्या दिल्या की हिरी बांधावरून पळत आली, तिला वाटलं साप निघाला. आई ऐकत राहिली. मधेच म्हणाली, "आजून हायेत का?" मी म्हटलं, आहेत. पण मला रडू फुटलं आणि तीही रडली. "ठकी रोज येती माझ्या डोळ्याम्होरं," म्हणाली. "हा डोळा गेला तरी त्यातबी येती." त्यानंतर मी तिला ताक दिलं. माफ केलं असं म्हणवत नाही. पण रात्री पाय दाबते.

आता ती खरंच जायला निघाली आहे. चार घास जात नाहीत. गावाची जीभ तिनं बंद केली आहे. पोरं आता "सोपान झाला" म्हणत नाहीत. मोठी माणसं मला बघून वाट देतात. आवणीला यंदा शेजारच्या तिघी आपण होऊन आल्या. मी त्यांना नको म्हणणार होते, पण रोपं खूप होती.

काल मी आईला विचारलं, "सोपान आला तर मडकं त्यालाच द्यायचं ना?" ती म्हणाली, "त्यो येऊ दे. डोळं भरून बघू दे मला. पर मडकं शालीच धरंल."

मी म्हटलं, "लेक हाजीर असताना?"

"व्हय. त्या येळेला कोन न्हवतं म्हनून दिलं तुला. आता समदी असताना देती."

सोपान, आता तुला इथे येऊन धरायचं काही नाही. तुझ्या खांद्यावर काही ठेवणार नाही कोणी. नुसतं ये आणि तिच्या समोर बैस. नवशा रोज बाजाराला लोणावळ्यास जातो, तो स्टेशनात डोकावत जाईल.

आक्का

औंढे, कार्तिक, सन १९३०

चिरंजीव सोपान यास,

आई गेली हे तुला तारेनं कळलं आहे. सकाळी गेली. दुपारपर्यंत थांबवली, मग गावानं थांबू दिलं नाही. यंदा खांदा द्यायला गर्दी. हौशीरामनंही दिला; मीच नवशाला आणि शिदूला पुढच्या बाजूला उभं केलं, हौशीराम मागे. कुंभारानं नवं मडकं आणून दिलं. मी म्हटलं, राहू दे, आणि चुलीजवळचं दुधाचं गाडगं घेतलं. सगळ्यांच्या पुढे चालले. वाटेत बायका दारात उभ्या होत्या. पूर्वी त्या मला बघून दारं लोटायच्या.

नवशाला मी नंतर स्टेशनवर धाडलं होतं. त्यानं तुला पाहिलं. तो म्हणाला, "वळखलं नसतं. एवढ्या वयातच केस पांढरं झाल्यात शालूबाई, पर चालनं आबाचं." तू टांग्यांच्या पलीकडे गाठोडं मांडीवर घेऊन बसला होतास. त्यानं हाक मारली तर तू एवढंच विचारलंस, "मडकं कुनी धरलं?" तो म्हणाला, शालूबाईनं. तू मान हलवलीस, तोंडाला टॉवेल लावलास आणि बसून राहिलास. तो किती वेळ म्हणत होता, चला, मी गाठोडं घेतो. तू उठलास ते परतीच्या गाडीत बसायला. गाठोडं तेवढं त्याच्याजवळ दिलंस. त्यात खण होता.

नवशाला वाटलं, मी रागवेन. मी रागावले नाही. त्या वेळी गाडी लोणावळ्याला थांबली आणि तू उतरला नव्हतास. या वेळी उतरलास. बारा वर्षांत तेवढं अंतर तू चाललास. औंढं तिथून काही लांब नाही, पण पाय उचलत नसले की ओढाही समुद्रासारखा वाटतो, ते मला कळतं. मीही आईला ताक द्यायला सहा महिने लावले.

आता घरात मी एकटी आणि मांजर, म्हणजे त्या मांजराचं नातवंड. भात कापून झालं. खळं सारवलंय. यंदाचा खण मी ट्रंकेत टाकला नाही. शिवायला दिलाय.

माझ्या दारात तू का बोलला नाहीस, ते मी विचारणार आहे. चुकवता येणार नाही. तू काय सांगशील ते मला बहुधा ठाऊक आहे: की तू घाबरला होतास, सतरा वर्षांचा होतास, आणि ठकूकडे तुला बघवलं नाही. तेच सांग. पण तुझ्या तोंडानं सांग. करवंदीच्या जाळीजवळ तिची जागा मी दाखवीन, तिथे दोघं बसू. मग जेवायला वाढीन.

आणि आणखी एक, ते नीट वाच. आबांचं मडकं मी धरलं, आईचं मी धरलं. आता या घरात धरायचं राहिलंय ते माझं. मला ना लेक ना लेकरू. हौशीराम आतापासूनच माझ्या खोकल्याची चौकशी करतो. त्याच्या हातात ते जाऊ द्यायचं नाही. ते तू धरायचंस. दुधाचं नवं गाडगं चुलीजवळ ठेवलंय, रोज त्यात दूध तापवते.

तू येईपर्यंत मी मरत नाही. माझा हट्ट तुला माहीत आहे. पण माणसाला फार थांबवू नये.

तुझी
आक्का